सेक्शनवर जीव आहे, पलटणीवर नाही. मग जवान घडेल का?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार भावाचा आहे. त्यांचा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून पायदळाच्या पलटणीत आहे. फौजेत सेक्शन म्हणजे दहाएक जवानांची छोटी तुकडी; अशा सेक्शनांच्या कंपन्या, आणि कंपन्यांची मिळून पलटण. फोनवर तो सांगतो, "सेक्शनचे पोट्टे लय जीव लावतात, त्यायच्यासाठी मी काहीबी करीन. पण पलटण काही मले आपली वाटत नाही. चार वर्षांनी वावरातच यायचं हाय." कास्तकार भावाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. अशा मनाने तो चांगला जवान होईल का? सोबत्यांवरचा जीव पुरतो, की पलटणीवर आणि फौजेवरही तो असावा लागतो? आणि हे कुणी मोजून पाहिलं आहे, की नुसतं २६ जानेवारीच्या भाषणात बोलायचं असतं?

मी ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचा निवृत्त सुबेदार. कामठीच्या सेंटरला रंगरूट म्हणून गेलो, पुढे तिथेच काही काळ उस्ताद, म्हणजे शिकवणारा, होतो. बाकी सारी नोकरी मेकॅनाइज्ड पलटणीत, बीएमपी गाडीवर, म्हणजे जवानांना लढाईत नेणाऱ्या तोफवाल्या चिलखती गाडीवर. सध्या गावाकडे सकाळी भरतीच्या पोरांना पळवतो. एज्युकेशन कोअरच्या एका जेसीओ (सुबेदार दर्जाच्या) साहेबांनी पलटणीत वाचायची सवय लावली, म्हणून या विषयावरचे बाहेरच्या देशांतले अभ्यासही थोडेफार डोळ्यांखालून गेले आहेत.

भाऊ, उत्तर आधीच सांगून टाकतो. सेक्शनवरचा जीव लागतोच, त्याच्याशिवाय काही उभं राहत नाही. पण त्या जीवाने काम सुधारतंच असं नाही. पोरांची एकी कामाभोवती बांधलेली असेल तर कामगिरी वाढते. नुसत्या यारीभोवती असेल तर तीच एकी कामचुकारी झाकायला वापरली जाते. आणि ती कशाभोवती बांधली जाईल हे बव्हंशी सेक्शन कमांडर ठरवतो, म्हणजे तो नाईक किंवा हवालदार, ज्याचं नाव पेपरात कधी येत नाही.

आता हे उलगडून सांगतो.

बीपीईटी नावाची एक शारीरिक परीक्षा असते. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, ५ किलोमीटर धाव आणि वर दोर चढणं, खड्डा ओलांडणं वगैरे. समजा एका सेक्शनमध्ये एक पोरगा धावताना मागे पडतो. रस्ता जिथे झाडांआड वळतो तिथे घड्याळवाला उस्ताद नसतो. तिथे दोघं जण त्याची रायफल अन् पिठ्ठू घेतात आणि शेवटच्या वळणाला परत देतात. सगळे वेळेत पोचतात, रात्री लंगरवर, म्हणजे जेवणाच्या जागी, हसणं-खिदळणं होतं. पुढच्या वेळी तेच. दुसऱ्या सेक्शनमध्येही असाच एक पोरगा मागे पडतो. त्याची रायफल कुणी घेत नाही, तो नापास होतो. पण दुसऱ्या दिवसापासून त्याचा बडी, म्हणजे जोडीदार जवान, त्याला पीटीच्या अर्धा तास आधी लाथ घालून उठवतो, शिव्या देत देत ग्राउंडला फिरवतो आणि स्वतःही सोबत पळतो. पिठ्ठूतलं वजन वर, खांद्यांच्या जवळ बांधायचं, कमरेवर लोंबू द्यायचं नाही, म्हणजे धाप कमी लागते, हे त्याला बांधून दाखवतो. महिन्या-दोन महिन्यांनी पोरगा वेळेत येतो.

दोन्ही सेक्शनमध्ये जीव आहे. "तुमचं एकमेकांशी कसं जमतं?" असा कागद भरून घेतला तर पहिल्या सेक्शनला कदाचित जास्तच गुण पडतील. पण डोंगरावर खरी चढाई करायची वेळ आली की पहिल्या सेक्शनमध्ये दहातला एक माणूस मुळात नाहीच, आणि त्याच्यापायी आणखी दोघं कमी पडतात. हे त्या पोरांना त्या रात्री लंगरवर कळत नाही.

अशीच गोष्ट पहाऱ्याची. सेंट्री झोपला आणि सोबत्याने सांगितलं नाही, तर त्याला आपण दोस्ती म्हणू का? पोरं म्हणतात. वीस वर्षांच्या पोराला तेच खरं वाटतं. माझ्या हाताखालच्या सेक्शनमध्ये मी दोन गोष्टी बघायचो. एक म्हणजे रात्रीची बदली. पुढचा सेंट्री वेळेवर येतो, की पाच मिनिटं आधी? आधी आला तर समजायचं की याला थंडीत उभ्या असलेल्या गड्याची कदर आहे. दुसरी गोष्ट एलएमजी, म्हणजे सेक्शनची हलकी मशीनगन. रायफल ज्याची त्याच्या नावावर असते, ती जो तो साफ करतोच. एलएमजी कागदावर ती चालवणाऱ्या एका जवानाची, नंबर एकची असते, पण खरी सगळ्या सेक्शनची. फायरिंगवरून चिखलात माखून, थकून आल्यावर, उद्या निरीक्षण नाही हे ठाऊक असताना, तिचा पिस्टन घासायला अन् नळीतून पुल-थ्रूला चिंधी लावून ओढायला नंबर एकच्या शेजारी कोण येऊन बसतं? कुणी न बोलावता दोघं बसले तर त्या सेक्शनबद्दल मला आणखी काही विचारायची गरज पडत नव्हती. निरीक्षणाच्या आदल्या दिवशी तर सगळेच घासतात. ती भीती, तिला निष्ठेच्या खात्यावर मांडू नये.

आता मोजमापाचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४८ साली एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जानोविट्झ या दोघांनी जर्मन फौजेचा अभ्यास छापला. हरत आलेली फौज शेवटपर्यंत का लढत होती, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं निघालं की साध्या शिपायाच्या डोक्यात पक्ष आणि विचारसरणी फार नसते. त्याची छोटी टोळी शाबूत असेल, जेवण मिळत असेल आणि वरचा साहेब भरवशाचा असेल तोवर तो लढतो. टोळी फुटली की तोही फुटतो. पुढे कितीतरी वर्षं सगळ्या फौजांच्या शाळांमध्ये हेच शिकवलं गेलं. नंतर ओमर बार्टोव्ह या इतिहासकाराने त्यात खोट काढली. रशियाच्या आघाडीवर जर्मन तुकड्यांमधली माणसं इतक्या झपाट्याने मरत होती की टोळी जमायलाच सवड नव्हती. तरी ते लढत राहिले. म्हणजे टोळीच्या बाहेरचंही काहीतरी त्यांना धरून होतं. त्याच्या मते ते होतं डोक्यात भरलेला विचार आणि अत्यंत कडक शिक्षा. मला दोघांचंही पटतं. टोळी माणसाला आजच्या दिवशी उभं ठेवते. टोळीच मेली तर उद्या कुणाच्या भरवशावर उभं राहायचं, ते मोठी संघटना ठरवते. ती संघटना चांगली असो की वाईट. जर्मनांची वाईट होती, आणि तिच्यावरच्या निष्ठेपायी त्यांनी काय काय केलं हे जगाला माहीत आहे. म्हणून निष्ठा म्हटली की हुरळून जायचं कारण नाही.

मोजमापाच्या बाबतीत मला सगळ्यात कामाचा वाटलेला निष्कर्ष मुलेन आणि कॉपर यांचा, १९९४ सालचा. त्यांनी गटाची एकी आणि गटाचं काम यांवरचे ४९ अभ्यास एकत्र करून तपासले. एकीचा कामाशी संबंध निघाला, पण भाषणांत सांगतात एवढा मोठा नाही. त्यातही एकमेकांबद्दलचा लळा किंवा गटाचा अभिमान यांचा वाटा फारसा नव्हता. जो काही संबंध होता तो मुख्यतः कामाशी असलेल्या बांधिलकीतून आलेला होता. आणि तिसरी गोष्ट, जी आमच्या साहेब लोकांनीही लक्षात ठेवावी: एकीमुळे काम सुधारतं त्यापेक्षा काम जमल्यामुळे एकी वाढते, हा प्रवाह जास्त जोराचा निघाला.

माझ्या बीएमपीच्या नोकरीत हे रोज दिसायचं. बीएमपी-२ मध्ये गाडी चालवणारे तिघं: ड्रायव्हर, गनर आणि गाडी कमांडर. मागे सात जवान. लढाईत झाकणं बंद झाली की ड्रायव्हरला पेरिस्कोपच्या फटीतून दिसेल तेवढंच जग. गनर आणि कमांडर वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात. तिघांचा एकमेकांशी संबंध फक्त कानातल्या इंटरकॉमचा. नगरजवळच्या केके रेंजवर, म्हणजे फौजेच्या फायरिंगच्या मैदानावर, चालत्या गाडीतून ३० मिलिमीटर तोफेचं फायरिंग असायचं. गनर कितीही पट्टीचा असो, ट्रिगर दाबताना ड्रायव्हरने गिअर बदलला किंवा नाला न सांगता घेतला की गोळे टार्गेटच्या डोक्यावरून. चांगला ड्रायव्हर एकच शब्द बोलायचा, "गड्ढा", तोही गाडीखाली येण्याआधी. गनर तेवढा वेळ थांबायचा. गाडी सपाट झाली की ड्रायव्हर वेग धरून ठेवायचा आणि म्हणायचा, "ले."

एका गाडीवरचे ड्रायव्हर आणि गनर मला चांगले आठवतात. एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. बॅरेकमध्ये एकमेकांशी धड बोलायचे नाहीत. एकाला रोटी पाहिजे, दुसऱ्याला भात. एकाची भजनं पहाटे, दुसऱ्याची झोप मोडते म्हणून कुरकुर. पण रेंजवर त्यांच्या गाडीचा निकाल कंपनीत कायम वरच्या नंबरात. गनरला तो माणूस आवडत नसेल, पण त्याच्या गाडी चालवण्यावर त्याचा डोळे मिटून विश्वास. दोन-तीन फायरिंगं अशी चांगली गेल्यावर हळूहळू दोघांची गाडी म्हणून एक घमेंड तयार झाली. तिसऱ्या कुणी त्या गाडीला नाव ठेवलं की दोघं एकदम अंगावर यायचे. यारी नंतर आली, काम आधी जमलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे कोणत्याही गटात जरा बिनसलं की पहिला उपाय म्हणून पार्टी ठेवतात. बडाखाना, म्हणजे पलटणीचं सामुदायिक जेवण, मलाही आवडतो. पण त्याने गोळा टार्गेटवर बसत नाही.

आता पलटण आणि फौज यांच्यावरच्या निष्ठेकडे येऊ. मेयर आणि अ‍ॅलन या दोघांनी १९९१ मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले, त्यांचा जगभर वापर होतो. मी पोरांना ते आपल्या भाषेत सांगतो: एक मनातून जोडलेला, दुसरा कर्तव्याच्या भावनेने बांधलेला, तिसरा दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून अडकलेला. तिघंही नोकरी सोडत नाहीत. पण कामगिरीशी चांगला संबंध पहिल्याचा दिसतो, दुसऱ्याचा त्याहून कमी, आणि तिसऱ्याचा जवळजवळ नाही, उलट कधी थोडा वाकडाच.

आपल्या भागात हे नीट समजून घ्यायला हवं. यवतमाळ, वाशिम, अमरावतीची कोरडवाहू कास्तकारी. सोयाबीन ऐन कापणीत पावसात सापडतं, कापसाला भाव नाही, बँकेचं अन् कृषी केंद्राचं देणं डोक्यावर. अशा घरातला पोरगा भरतीला पगारासाठीच जातो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मीही पगारासाठीच गेलो. भरती होण्याचं कारण आणि टिकून मन लावण्याचं कारण ही दोन वेगळी असू शकतात. पहिलं घरून नेलेलं असतं, दुसरं पलटणीत तयार व्हावं लागतं. ते तयार झालं नाही तर माणूस अडकलेल्यांच्या रांगेत बसतो, आणि असे पंधरा-सतरा वर्षं अडकून बसलेले लोक मी पाहिले आहेत. शिस्तभंगात कधी सापडत नाहीत, कामात कधी दिसत नाहीत. सुट्टीचा अर्ज मात्र सगळ्यांत आधी त्यांचा.

मग पलटणीबद्दल मन लागतं कशाने? पुष्कळांना वाटतं एका जातीची, एका मुलखाची माणसं असली की लागतं. याला आधार आहे. चीनच्या युद्धात लडाखमधल्या रेझांग ला या खिंडीत १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतानसिंग यांच्या हाताखाली १३ कुमाऊंची जी कंपनी लढली, ती हरियाणाकडच्या अहिरांची होती, आसपासच्या गावांतली, नात्यागोत्यातली. सुमारे १२० जणांपैकी ११० हून अधिक तिथेच पडले. बर्फ वितळू लागल्यावर त्यांची शरीरं खंदकांमध्ये हत्यारांसकट सापडली. गावाकडे काय तोंड दाखवू, ही भावना अशा कंपनीत मोठं काम करते यात शंका नाही.

पण माझी रेजिमेंट नेमकी उलट तत्त्वावर उभी आहे. १९४९ मध्ये तेव्हाचे सेनाप्रमुख करिअप्पा साहेबांनी गार्ड्स उभी केली तीच सर्व जातीधर्मांची, सर्व प्रांतांची म्हणून. पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या चार जुन्या रेजिमेंटांची पहिली पलटण उचलून. तेव्हा पुष्कळांना शंका होती की अशी खिचडी लढेल का. १९७१ च्या डिसेंबरमध्ये आगरतळ्याजवळ गंगासागरला १४ गार्ड्सने हल्ला केला. त्यात लान्स नायक अल्बर्ट एक्का यांनी जखमी असताना बंकर घेतले, मशीनगन बंद पाडली आणि तिथेच प्राण सोडला. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आता यातली दोन वाक्यं तुमच्या भावाला वाचून दाखवा. १४ गार्ड्स ही पलटण १९६८ च्या जानेवारीत उभी झाली होती, म्हणजे गंगासागरच्या वेळी तिला चार वर्षंही पूर्ण नव्हती. आणि एक्का मुळात त्या पलटणीचे नव्हतेच, बिहार रेजिमेंटमधून तिथे बदलून आले होते. जुना इतिहास असला तर चांगलंच, पण तो नसला म्हणून अडत नाही. चार वर्षांत पलटण आपली होऊ शकते. होईलच असं नाही, होऊ शकते.

उलट, सगळी पोरं एकत्र ठेवली म्हणजे झालं, असंही नाही. अमेरिकन फौजेने व्हिएतनाममध्ये शिपाई एकेकटे पाठवले आणि बारा महिने झाले की एकेकटे परत आणले. तुकडीत रोज कुणी नवा, रोज कुणी निघालेला. त्याचे परिणाम वाईट झाले, म्हणून १९८० च्या दशकात त्यांनी दुसरं टोक गाठून पाहिलं: एकत्र भरती केलेली पोरं, एकत्र शिकवून, त्याच कंपनीत ठेवायची. पोरांची आपापसात घट्ट एकी झाली. पण जिथे वरचे साहेब कच्चे निघाले तिथे तीच एकी साहेबांच्या विरोधात उभी राहिली. माझ्या मते आपली रेजिमेंटची पद्धत या बाबतीत शहाणी आहे. शिपाई ज्या पलटणीत येतो तिथेच सुबेदार मेजरपर्यंत चढतो, त्यामुळे सेक्शन कमांडर हा कालचा त्याच बॅरेकमधला पोरगा असतो. "नाम, नमक, निशान" हे भिंतीवर लिहिलेलं नव्या पोराला काही सांगत नाही. त्याच बॅरेकमधला हवालदार सांगतो.

म्हणून पुन्हा त्या हवालदारावर येतो. सेक्शन आणि पलटण यांच्यामध्ये पूल म्हणून तोच असतो. चांगला असेल तर पलटणीचा हुकूम सेक्शनला समजेल असा करून देतो, आणि सेक्शनचं दुखणं वर पोचवतो. ऑक्टोबरात एखादा पोरगा फायरिंगवर अचानक घसरला, तर वाईट हवालदार त्याला रगडा, म्हणजे अंग मोडणारी शिक्षा, देतो. चांगला विचारतो, "घरी काय चाललंय? सोयाबीन भिजलं का?" आणि शक्य असेल तर चार दिवसांची सुट्टी मिळवून देतो. त्या चार दिवसांमुळे पोरगा हवालदाराचा होतो, हे सगळे सांगतील. पण नीट बघितलं तर तो पलटणीचाही होतो, कारण सुट्टी दिली पलटणीने. जो हवालदार "साहेब तर देतच नव्हते, मी भांडून आणली" असं म्हणून स्वतःचं वजन वाढवतो, तो सेक्शन बांधतो आणि पलटण तोडतो. असे हवालदार पोरांमध्ये फार लाडके असतात. माझ्या हिशेबात ते आळशी हवालदारापेक्षा जास्त नुकसान करतात.

आपल्याच विदर्भातलं एक उदाहरण फौजेबाहेरचं आहे. गडचिरोली पोलिसांचं सी-६० पथक १९९० मध्ये उभं झालं, तिथल्याच तरुणांमधून. जंगल माहीत, गोंडी-माडिया येते, गावोगाव नातेवाईक. त्यांच्या तुकड्या पार्टी कमांडरच्या नावाने ओळखल्या जातात. म्हणजे बांधिलकी एका चेहऱ्याशी, एका नावाशी, एका माणसाशी. अशा कामात, जिथे पंधरा-वीस जण दोन-तीन दिवस जंगलात आपल्या भरवशावर असतात, तिथे हे चालतं. पण असं पथकही एका नेत्यावर किती टेकलं आहे, हे त्याच्या वरच्यांनी सतत बघत राहावं लागतं.

आणि संघटनेवरच्या निष्ठेला झगमगाट लागतो असंही नाही. मे २०१६ मध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. त्यात दोन अधिकारी आणि त्यांच्यासोबत अग्निशमन दलाचे, डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे लोक गेले. डिफेन्स सिक्युरिटी कोअर म्हणजे बहुतांश पेन्शनीत निघून पुन्हा भरती झालेले, वेगवेगळ्या रेजिमेंटांचे वयस्कर जवान. ना एक पलटण, ना एक निशाण. तरी स्फोट होत असताना ते तिथे होते.

आता अग्निवीरचं. योजना जून २०२२ मध्ये आली. चार वर्षं, त्यातून जास्तीत जास्त २५ टक्के कायम. योजनेच्या राजकारणात मला पडायचं नाही. निष्ठेच्या अंगाने मला एकच गोष्ट खुपते, ती चार वर्षांची नाही. सेक्शनवर जीव बसायला चार महिने पुरतात, आणि पलटणीचं मी वर सांगितलं. खुपतं ते २५ टक्क्यांचं. शेजारच्या खाटेवरचा सोबती हाच स्पर्धक. फायरिंगच्या आदल्या रात्री श्वास कसा धरायचा, रायफलची पकड कुठे चुकते हे त्याला सांगायचं की आपल्यापाशी ठेवायचं? तुमचा भाऊ म्हणतो की सेक्शनवाले जीव लावतात. म्हणजे त्याच्या सेक्शनमध्ये अजून पोरं एकमेकांना सांगतात. ही बातमी चांगली आहे, भाऊ. त्याचा सेक्शन कमांडर चांगला असला पाहिजे. जिथे तो कच्चा आहे तिथे ही स्पर्धा सेक्शन पोखरून टाकेल, आणि तिथे पलटणीने मुद्दाम सेक्शनचे गुण एकत्र मोजायला हवेत, नुसते एकेकट्याचे नाही.

मी गावच्या ग्राउंडवर हेच करून बघतो. भरतीत १६०० मीटर ज्याची त्यानेच काढायची असते, पूर्ण गुणांसाठी साडेपाच मिनिटांच्या आत. म्हणून आठवड्यातले बरेच दिवस पोरं एकेकटी पळतात. पण एक दिवस आठ-आठ जणांचे गट करतो आणि गटाची वेळ म्हणजे शेवटच्या पोराची वेळ. पहिल्या दिवशी पुढे पळणारे चिडतात: "त्याच्यापाई मी काहून हारू?" दोन-तीन आठवड्यांनी तेच मागच्याला रात्री फोन करून विचारतात, जेवला का, झोपला का. काही पालकांना हे पटत नाही. "माह्या पोराची वेळ खराब होते," म्हणून एकाने मुलाला काढून तालुक्याच्या अ‍ॅकॅडमीत घातलं. त्यांचा हक्क आहे. हमखास भरतीचे फलक रस्त्यावर पुष्कळ आहेत.

तर तुमच्या भावाबद्दल. सेक्शनवरचा जीव खरा आहे का, हे त्याला फोनवर विचारून कळणार नाही. त्याऐवजी विचारा, सेक्शनमध्ये धावण्यात कच्चा कोण आहे आणि त्याचं तुम्ही काय करता? उत्तर "आम्ही सांभाळून घेतो" असं गोलमोल आलं तर पहिल्या सेक्शनची गोष्ट आठवा. "त्याले रोज पळवतो" असं आलं तर काळजी सोडा.

पलटण आपली वाटत नाही असं तो म्हणतो, त्यावरून त्याला टोकू नका. नव्या पोराला पलटण म्हणजे सकाळची फालीन (रांगेतली हजेरी), सीएचएमची, म्हणजे कंपनी हवालदार मेजरची, शिट्टी आणि नोटीस बोर्ड एवढीच दिसते. त्याला सांगा, कंपनीच्या फायरिंग टीमसाठी, क्रॉस कंट्रीसाठी, नाही तर सिग्नलच्या कोर्ससाठी नाव दे. सेक्शनच्या बाहेर पलटणीसाठी एक काम जमलं की पलटण आपोआप जवळ येते. वर ४९ अभ्यासांत निघालं ते हेच. नावं कंपनी क्लार्ककडे जातात, पण शिफारस सेक्शन कमांडरची लागते. म्हणून आधी त्याच्याशी बोलायचं.

आणि एक विनंती तुम्हाला. दर रविवारी फोनवर "परमनंट होशील का रे?" हे विचारणं बंद करा. घरून तोच एक प्रश्न येत राहिला की पोरगा शेजारच्या खाटेकडे सोबती म्हणून बघणं सोडतो. अग्निवीराला वर्षाला ३० दिवसांची सुट्टी मिळते. त्यातले दहा दिवस तो कापूस वेचणीच्या वेळी मागेल, तुम्हीही मागायला सांगाल. मागू द्या, पण सेक्शनमध्ये कुणाच्या घरी लग्न किंवा आजारपण असेल आणि त्याच तारखा असतील तर त्याला मागे-पुढे करू द्या. चार वेचणारीणी जास्त लावाव्या लागतील, मजुरी महाग आहे हे मला माहीत आहे. त्याच्या हवालदाराला मात्र ते लक्षात राहील.